फॉर्म, समग्र आयडी आणि मॅडम

मध्य प्रदेश बोर्डाचा बारावीचा निकाल लागला की भोपाळमध्ये दोन ठिकाणी झुंबड उडते. एक मिठाईच्या दुकानांपुढे. ती संध्याकाळपर्यंत ओसरते. दुसरी सरकारी फॉर्म भरून देणाऱ्या एमपी ऑनलाइनच्या दुकानांपुढे, आणि ती थेट पावसाळा अर्धा सरेपर्यंत हटत नाही. दहा बाय दहाचा गाळा, दोन कॉम्प्युटर, एक प्रिंटर, एक थकलेला पंखा आणि दारात प्लॅस्टिकच्या पिशव्या छातीशी धरून उभी असलेली मुलं. पिशवीत अंकसूची, मूल निवासी म्हणजे अधिवासाचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, आधार, पासबुक आणि समग्र आयडी. हा शेवटचा प्रकार महाराष्ट्रातून आलेल्या पाहुण्यांना समजावून सांगावा लागतो. प्रत्येक कुटुंबाला आठ आकडी नंबर आणि कुटुंबातल्या प्रत्येक माणसाला नऊ आकडी. मध्य प्रदेशात सरकारी योजनेचा पैसा हवा असेल तर आधी हा आकडा सांगा.

दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात गुणवत्ता यादीतल्या मुलांचे फोटो येतात. आई पेढा भरवतेय, वडील डोक्यावर हात ठेवतायत, आणि फोटोच्या अगदी कडेला, कधीकधी अर्धे कापलेले, एक सर किंवा मॅडम. शिष्यवृत्तीची हकीकत बहुतेक वेळा त्या कडेच्या माणसापासून सुरू होते. निदान भोपाळात मी जेवढ्या पाहिल्या, त्या सगळ्या तरी.

१ नोव्हेंबर १९५६ला नवं मध्य प्रदेश राज्य झालं, राजधानी नागपूरहून उठून भोपाळला आली, आणि सचिवालयातल्या फायलींबरोबर कारकुनांचे संसारही आले. त्यांत मराठी घरं पुष्कळ होती. तात्या टोपे नगरच्या सरकारी क्वार्टरांत ती विसावली. नंतर हेवी इलेक्ट्रिकल्सचा कारखाना निघाला, तशी पिपलानी आणि बरखेड्याच्या टाउनशिपमध्ये आणखी मराठी कुटुंबं भरली. आमचं घर पहिल्या लाटेतलं. पगार बेताचा, शेतीवाडी भावकीकडे राहिलेली, नातेवाईक सातपुड्यापलीकडे. अशा घरात मुलगा हायर सेकंडरीला चांगले मार्क मिळवतो तेव्हा आनंदाच्या पाठोपाठ एक प्रश्न येतो, आणि तो कुणी मोठ्याने विचारत नाही.

आमच्या सरकारी शाळेतले गणिताचे सर तो न विचारलेला प्रश्न बरोबर ऐकायचे. ते बैतूलकडचे. बैतूल, मुलताई या पट्ट्यात मराठीही बोलली जाते, त्यामुळे वर्गात हिंदी आणि व्हरांड्यात मराठी असा त्यांचा रिवाज होता. शिकवण्यात ते फार रंगतदार होते असं मुळीच नाही; भूमिती शिकवताना फळ्याशीच बोलायचे. पण शिष्यवृत्त्यांचा त्यांचा अभ्यास दांडगा होता. खिशात घडी घातलेली परिपत्रकं असायची. कुणाचे वडील काय करतात, पगार किती, घरात शिकणारी तोंडं किती, हे त्यांना हजेरीपटाइतकं पाठ.

त्याला कारण होतं. ते स्वतः राष्ट्रीय ऋण शिष्यवृत्तीवर शिकले होते. ही योजना आज फारशी कुणाला आठवत नाही. १९६३मध्ये केंद्र सरकारने ती सुरू केली. हुशार पण पैशाची अडचण असलेल्या विद्यार्थ्याला बिनव्याजी कर्ज मिळायचं, नोकरी लागल्यावर हप्त्यांनी फेडायचं. त्यात एक कलम मात्र फार देखणं होतं. कर्ज घेतलेला विद्यार्थी पुढे शिक्षक झाला, तर शिकवण्याच्या प्रत्येक वर्षामागे कर्जाचा दहावा हिस्सा माफ. दहा वर्षं शिकवा, पाटी कोरी. सरकारी कागदात इतकी सुंदर कल्पना क्वचित सापडते, आणि ज्याने ती लिहिली त्याचं नाव कुठे कोरलेलं नाही, याची मला अजून हळहळ वाटते.

सर व्हरांड्यात म्हणायचे, “अरे, माझं कर्ज मी तुमच्यावर फेडतोय. तेव्हा कागद वेळेवर आणा.” दहा वर्षं कधीच उलटली होती, तरी त्यांचं फेडणं चालूच होतं. शिष्यवृत्तीचा माझा फॉर्म त्यांनीच भरला. अक्षर माझं चालेना, म्हणून शाईच्या पेनाने, स्वतःच्या हाताने.

शिक्षकाने विद्यार्थ्याच्या पाठीशी उभं राहायची ही रीत मराठी मुलखात जुनी आहे. तिचं सगळ्यांत मोठं उदाहरण मध्य प्रदेशाशीही जोडलेलं आहे, कारण त्या विद्यार्थ्याचा जन्म इंदूरजवळच्या महूचा. भीमराव आंबेडकर १९०७मध्ये मुंबईत मॅट्रिक झाले. त्याआधीपासून चर्नी रोडच्या बागेत वाचत बसणाऱ्या या मुलाकडे एका शिक्षकाचं लक्ष होतं. ते विल्सन हायस्कूलचे कृष्णाजी अर्जुन केळूसकर. मॅट्रिकनंतर समाजसुधारक सी. के. बोले यांच्या अध्यक्षतेखाली कौतुकाची सभा झाली, तिथे केळूसकरांनी आपण लिहिलेलं गौतम बुद्धाचं चरित्र या मुलाला भेट दिलं. हा प्रसंग सगळ्यांना ठाऊक असतो, कारण पुढच्या धर्मांतराची चाहूल त्यात दिसते.

मला त्यांचं पुढचं काम जास्त मोठं वाटतं. एल्फिन्स्टन कॉलेजात इंटरपर्यंत कसंबसं निभावलं आणि वडील सुभेदार रामजींची ओढाताण हाताबाहेर गेली. तेव्हा केळूसकर उठले आणि बडोद्याच्या सयाजीराव महाराजांकडे गेले. लायक अस्पृश्य विद्यार्थ्याला मदत करू, असं महाराजांनी जाहीरपणे म्हटलं होतं. केळूसकरांनी तो शब्द लक्षात ठेवला आणि विद्यार्थ्यालाच समोर नेऊन उभं केलं. महाराजांनी काही प्रश्न विचारले, उत्तरं पटली, आणि महिना २५ रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली. १९१२मध्ये भीमराव बी.ए. झाले. १९१३मध्ये बडोद्याच्याच शिष्यवृत्तीवर, महिना साडेअकरा पौंड, तीन वर्षांसाठी ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले.

पैसा महाराजांचा, बुद्धी विद्यार्थ्याची, हे खरंच. पण दोघांची गाठ घालायला एक मास्तर पायपीट करून गेला होता. तो गेला नसता तर महाराजांचं आश्वासन आश्वासनच राहिलं असतं.

दुसरं उदाहरण अर्ध्या शतकानंतरचं. शास्त्रज्ञ रघुनाथ माशेलकर सहा वर्षांचे असताना त्यांचे वडील गेले. आई मिळेल ते काम करून घर चालवायची. गिरगावच्या युनियन हायस्कूलमधले मुख्याध्यापक भावे विज्ञान शिकवताना मुलांना उन्हात घेऊन गेले, बहिर्गोल भिंगाने सूर्यकिरण कागदावर एकवटले आणि कागद पेटवून दाखवला. शक्ती अशी एका जागी आणली तर काहीही साधतं, हे त्यांनी त्या पोराला तिथल्या तिथे सांगितलं. माशेलकरांनी हा किस्सा पुढे असंख्य व्यासपीठांवर सांगितला आहे. १९६०मध्ये ते एसएससीला राज्यात अकरावे आले, आणि तरीही शिक्षण थांबण्याची वेळ आली होती. तारलं ते सर दोराबजी टाटा ट्रस्टच्या महिना ६० रुपयांच्या शिष्यवृत्तीने. ती घ्यायला ते टाटांच्या बॉम्बे हाऊसमध्ये जात. पुढे त्याच इमारतीत टाटा मोटर्सचे संचालक म्हणून बैठकीला बसले.

साठ रुपये ही रक्कम वाचून आजची मुलं हसतात. हसू द्यावं. राज्यात अकरावा आलेला मुलगा शिक्षण सोडायला निघाला होता, एवढं त्यांना सांगितलं की हसू आपोआप थांबतं.

आता पैशाचे मार्ग पुष्कळ झालेत, मध्य प्रदेशात तर खासच. गावच्या शाळेतून बारावीला पहिला वर्ग मिळवणाऱ्या मुलींसाठी २००५पासून ‘गांव की बेटी’ आहे. शहरातल्या दारिद्र्यरेषेखालच्या मुलींसाठी ‘प्रतिभा किरण’. बारावीत ठरलेली टक्केवारी गाठली की लॅपटॉपसाठी २५ हजार रुपये थेट खात्यात. २०१७मध्ये मुख्यमंत्री मेधावी विद्यार्थी योजना आली. तिच्यात राज्याच्या बोर्डाला ७० टक्के किंवा सीबीएसईला ८५ टक्के मिळवणाऱ्या, उत्पन्नाच्या मर्यादेत बसणाऱ्या मुलांची कॉलेजची शिकवणी फी सरकार भरतं. इंजिनिअरिंगला जायचं तर जेईई मेन्समध्ये दीड लाखाच्या आतला क्रमांक लागतो. डॉक्टर होणाऱ्याला खेड्यात सेवा करण्याचं हमीपत्र लिहून द्यावं लागतं. पुढच्या वर्षी, २०१८मध्ये, असंघटित कामगारांच्या मुलांसाठी वेगळी फीमाफी आली. शिवाय ‘सुपर १००’ आहे. सरकारी शाळांतली दहावीची निवडक मुलं भोपाळच्या शिवाजीनगरमधल्या सुभाष उत्कृष्ट विद्यालयात आणि इंदूरच्या मल्हाराश्रमात राहून अकरावी-बारावीबरोबर प्रवेश परीक्षांची तयारी करतात.

इतकं सगळं असताना मुलं गळतात कुठे? ते पाहायचं असेल तर जूनमध्ये एमपी ऑनलाइनच्या एखाद्या दुकानात जाऊन बसावं. सर आता नाहीत; पण त्यांच्यासारखी एक बाई मला तिथे भेटली. जुन्या शहराकडच्या एका सरकारी कन्या शाळेत त्या केमिस्ट्री शिकवतात. बोलतात भोपाळी हिंदी, त्यामुळे ‘मॅडम’ हेच संबोधन. दुकानदाराने त्यांच्यासाठी एक स्टूल राखून ठेवलेलं. मांडीवर जाड रजिस्टर, प्रत्येक मुलीला एक पान. पानावर मार्क शेवटी, आधी तीन ओळी: वडिलांचं नाव अंकसूचीत कसं, आधारवर कसं, समग्रवर कसं.

या तीन ओळींत भोपाळचा अर्धा इतिहास आहे म्हणा ना. अंकसूचीत ‘मो.’, आधारवर ‘मोहम्मद’. मुलीच्या नावामागे एकीकडे ‘कु.’, दुसरीकडे नाही. माणूस एकच, पण कॉम्प्युटरच्या लेखी दोन. नाव जुळलं नाही की फॉर्म अडतो, आणि नाव सुधारायला गेलं की शेवटची तारीख निघून जाते. म्हणून मॅडम हे काम नववीतच करून घेतात. बारावीच्या निकालाची वाट पाहणाऱ्यांना त्या सरळ वेड्यात काढतात.

त्या दिवशी समोर एक मुलगी होती, करोंदकडची. वडील मंडीत हमाली करणारे. पोर्टलवर सगळं भरून झालं, कागद चढले, आणि ओटीपी वडिलांच्या मोबाइलवर गेला. वडील ट्रकवर, मोबाइल शर्टात, शर्ट खुंटीला. एक ओटीपी वाया गेला, दुसराही. मॅडमनी तिसऱ्यांदा बटण दाबू दिलं नाही. आधी त्यांनी मंडीतल्या चहावाल्याला फोन लावला. त्याचा नंबर रजिस्टरमध्ये होता, त्याच पानावर, समासात. चहावाला फोन घेऊन हमालांच्या गर्दीत शिरला, वडिलांना शोधलं, त्यांचा मोबाइल हातात देऊन उभा राहिला, मग इकडे मॅडम म्हणाल्या, “अब दबाओ.” आकडे आले, फॉर्म गेला. मुलीने प्रिंट हातात घेऊन वर-खाली वाचली. मॅडमनी पुढचं पान उलटलं.

‘प्रेरणा’ वगैरे शब्द मॅडमना फारसे रुचत नाहीत. शिक्षकदिनाला भाषण करायला सांगितलं की त्या पेपर तपासायचे राहिलेत म्हणतात. पण त्यांच्या मुलींना विचारा. एकीला आठवतं, प्रयोगशाळेत टायट्रेशनचा रंग नेमका कुठल्या थेंबाला बदलला, ते मॅडमनी तिला एकटीला पुन्हा करायला लावून दाखवलं. दुसरीचं लग्न ठरत आलं होतं; मॅडम घरी गेल्या, वाद घातला नाही, नुसता मेधावी योजनेचा कागद आजीला वाचून दाखवला. फी सरकार भरणार म्हटल्यावर आजीनेच सोयरिकीवाल्यांना थांबा म्हणून कळवलं. वर्गातली शिकवणी आणि दुकानातली खटपट या मुलींच्या सांगण्यात वेगळ्या काढता येत नाहीत.

योजनांना एक भोक आहे, ते मॅडमच्या हिशेबात स्पष्ट दिसतं. फी सुटते, मेस सुटत नाही. भोपाळच्या मुलीचं बसवर भागतं, पण रायसेन किंवा सीहोरकडून आलेल्या मुलीला खोली लागते, डबा लागतो, आणि पहिल्या सेमिस्टरला शिष्यवृत्तीचा पैसा हातात पडायच्या आतच हे सगळं उभं करावं लागतं. मोठ्या शहरांतल्या ट्रस्टांना हे कळतं, म्हणून चांगले ट्रस्ट राहण्याजेवण्याचा खर्च धरतात. सरकारी कागदात तो रकाना यायला हवा, असं मला ठामपणे वाटतं. लॅपटॉपच्या आधी डबा यावा.

तोवर मॅडमच्या रजिस्टरची मागची पानं आहेत. त्यांवर जुन्या विद्यार्थिनींची नावं. कुणी नर्स, कुणी बँकेत, एक पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये. प्रत्येकीपुढे कुठल्या मुलीचं कुठल्या सेमिस्टरचं मेसबिल भरलं, ते लिहिलेलं. पावती नाही, संस्था नाही, फलक नाही. त्या यादीत आता एक बाहेरचं नावही घुसलंय, माझं. जुलै लागला की मॅडमचा फोन येतो. खुशाली विचारायला त्यांना वेळ नसतो. यंदा मुली किती, मेस किती, कुणाचं किती कमी पडतंय, एवढं सांगतात आणि पैसे थेट मेसवाल्याच्या खात्यात टाका म्हणतात. मग आठवीच्या राष्ट्रीय शिष्यवृत्ती परीक्षेचे फॉर्म कधी सुटणार, याची चौकशी करायची राहिली म्हणून फोन ठेवतात. ती परीक्षा निघाली तर नववी ते बारावी वर्षाला १२ हजार रुपये, आणि त्या मुलींच्या वडिलांची नावं अजून जुळवायची आहेत.