खडूची रेघ

माझ्या हत्यारांच्या पेटीत प्रेशर गेज आहे, डायल आहे, पुलर आहेत. पण हायड्रॉलिकच्या कामाला निघालो की मी आधी वरच्या खिशात खडूचा तुकडा टाकतो. आटपाडीत गेली वीस वर्षं लहान ट्रॅक्टर आणि लोडर दुरुस्त करतोय. महागाच्या गेजनं जितके दोष दाखवले, तितकेच या खडूनंही दाखवले असतील.

आमच्याकडे लहान यंत्रं आली ती डाळिंबाच्या मागोमाग. दोन ओळींत चौदा-पंधरा फुटांचं अंतर. झाडं पसरली की मोठ्या ट्रॅक्टरला आत वळता येत नाही. म्हणून वीस-पंचवीस हॉर्सपॉवरचा छोटा ट्रॅक्टर, त्याला पुढं बकेट, आणि त्या बकेटनं शेणखत, लेंडीखत उचलून झाडापर्यंत न्यायचं. बहार धरायचा म्हणजे ताण, छाटणी, खत आणि मग पहिलं पाणी, असा क्रम असतो. त्यात खताच्या वेळी यंत्र बसलं की पुढचं सगळं अडतं. अशा वेळी माणूस फोनवर नीट बोलतसुद्धा नाही.

मागच्या हस्त बहाराच्या आधी असाच एक फोन आला. बागेत गेलो तर खताच्या ढिगापाशी ट्रॅक्टर उभा, आणि शेजारी म्हातारे आबा टोपी हातात घेऊन.

"मिस्त्री, आठ दिस न्हाय झालं नवा पंप टाकून. रिकामी बकेट वर जाती, पर खत भरलं की मधीच थांबती. आता काय इकायचं म्या?"

मी म्हटलं, "आबा, आज काही विकायचं नाही आणि काही खोलायचंबी नाही. आधी ऐकूया."

खरोखर आधी ऐकावंच लागतं. पंप दाब तयार करतो, असं पुष्कळांना वाटतं. पंप फक्त तेल ढकलतो. पुढं ओझं असेल तेव्हाच दाब चढतो. सतराव्या शतकात पास्कलनं सांगितलेला नियमच इथं चालतो: कोंडलेल्या द्रवावरचा दाब सगळीकडे सारखा पसरतो. सत्तर मिलिमीटर व्यासाच्या पिस्टनचं क्षेत्रफळ साधारण साडेअडतीस चौरस सेंटिमीटर. त्यावर दर चौरस सेंटिमीटरला १५० किलोचा दाब आला, तर पिस्टनवर पावणेसहा टनांच्या आसपास जोर येतो. जोसेफ ब्रामानं १७९५ साली इंग्लंडमध्ये याच नियमावर दाबयंत्राचं पेटंट घेतलं. मूठभर पंपात ही ताकद कशी, याचं नवल मला अजून वाटतं. पण ती पंपापर्यंत पोचवणारा एक जोड लागतो. इंजिन आणि पंप यांच्यामधला.

रिकामी बकेट उठते आणि भरलेली थांबते, याची कारणं चार-पाच असू शकतात. पंप आतून झिजला असेल तर तेल गार असताना काम बरं चालतं आणि तेल तापून पातळ झालं की बकेट मंदावते. पण मंदावते ती हळूहळू, धक्का न देता. रिलीफ व्हॉल्व्ह उघडा अडकला असेल तर तेल सुसाट परत फिरतं, त्याचा फुत्कार ऐकू येतो. सक्शनच्या पाइपातून हवा ओढली जात असेल तर पंप कण्हतो आणि टाकीतल्या तेलाला फेस येतो. जाळी तुंबली तरी पंप तसाच कण्हतो.

आबांच्या ट्रॅक्टरचा आवाज यातला कुठलाच नव्हता. बकेट भरली, लिव्हर ओढला, हातभर वर गेली आणि पुढून 'कर्रर्र' असा कोरडा आवाज आला. दगडावर विळा घासावा तसा. तेल गार असताना तोच, तापल्यावरही तोच.

तरीही मी क्रम सोडला नाही. तेलाची पातळी बघितली. थोडं तेल काचेच्या बाटलीत घेऊन बांधावर ठेवलं. हवेचा फेस असेल तर तो वर चढतो आणि तेल खालून निवळत येतं. पाणी मिसळलेलं असेल तर ते ताकासारखं गढूळच राहतं. इथं तेल स्वच्छ होतं. जाळी काढून धुतली, तीही साफ. आबांचा नातू पाइपावरून हात फिरवून गळती शोधायला लागला, तेव्हा मी त्याचा हात धरला. दाबाखालचं तेल टाचणीच्या टोकाएवढ्या भोकातून निघालं तरी कातडीच्या आत घुसतं. वरून नुसतं टोचल्यासारखं दिसतं, पण आत हात सडू शकतो; तातडीनं ऑपरेशन करावं लागतं. गळती शोधायची ती पुठ्ठा धरून, हातानं कधीच नाही.

मग खडू काढला. बकेट जमिनीवर टेकवली, इंजिन बंद केलं, लिव्हर हलवून उरलासुरला दाब सोडला. या ट्रॅक्टरला पंप पुढच्या बाजूला, क्रँकच्या पुलीसमोर होता. मध्ये एक लहान शाफ्ट आणि दात्यांचं कपलिंग. गार्ड काढून कपलिंगपासून पंपाच्या शाफ्टपर्यंत एक सरळ रेघ ओढली आणि गार्ड परत बसवला. इंजिन चालू करून खत भरलेली बकेट एकदाच उचलायला लावली. तोच कर्रर्र. इंजिन बंद. गार्ड काढून बघितलं, तर रेघेचे दोन तुकडे झालेले. अर्धी कपलिंगवर वर, अर्धी शाफ्टवर पार खाली.

आबांनी वाकून बघितलं. त्यांना काही समजवावं लागलं नाही. "म्हंजी इंजान फिरतंय आन पंप जाग्याव," एवढंच बोलले.

कपलिंग काढलं तेव्हा आतून गेरूसारखी तांबडी भुकटी हातावर पडली. कोरड्या दात्यांनी एकमेकांना वर्षानुवर्षं घासलं की लोखंडाची अशी भुकटी होते. आतले दाते चाकूच्या पात्यासारखे निमुळते झाले होते. रिकाम्या बकेटचं ओझं ते ओढत होते. खत भरलं की घसरत होते. नव्या पंपाच्या शाफ्टवर नुसते ओरखडे होते, तो वाचला. जुना पंप आबांनी पोत्यात गुंडाळून ठेवला होता. तो हातानं फिरवून बघितला. कुठं अडकत नव्हता, कुठं हलत नव्हता.

जुना पंप चांगलाच होता, हे सांगणं मला जड गेलं. ज्यानं पंप बदलला त्याला मी नावं ठेवली नाहीत. माझ्या सुरुवातीच्या वर्षांत मीही एका शेतकऱ्याला चांगला पंप बदलायला लावला होता. त्या दिवशी तो काही बोलला नाही, पण ते पैसे कांदा विकून आले होते हे मला माहीत होतं. तेव्हापासून माझा नियम आहे: स्वस्त कारणं संपल्याशिवाय महाग कारणाला हात लावायचा नाही.

कपलिंग सांगलीहून एसटीच्या पार्सलनं मागवलं. पण नवं कपलिंग घालून मोकळं होणं म्हणजे अर्धंच काम. झिजलं का, हे सापडलं पाहिजे. पंपाच्या ब्रॅकेटचे बोल्ट सैल केले तर एका बाजूला पातळ पत्री होती, दुसऱ्या बाजूची गायब. कुणाच्या तरी हातून बसवताना राहिली असणार. डायल लावून शाफ्ट एक फेरा फिरवला, काटा ०.८ मिलिमीटर हलला. डायलचा काटा दुप्पट दाखवतो. म्हणजे मध्य ०.४ मिलिमीटर सरकलेला. कोरड्या दात्यांना तेवढा पुरतो. पत्री कापून घातली, काटा जागेवर येईपर्यंत तीनदा बोल्ट आवळले आणि सोडले. दात्यांना मोलीचं ग्रीस भरलं. आणि आबांचा जुनाच पंप बसवला. गेजचा काटा दीडशे बारवर जाऊन स्थिर राहिला. नवा पंप पोत्यात गेला, अडीनडीसाठी.

चहा पिताना आबा विहिरीकडं बघत म्हणाले, "आमच्या मोटंला नाडा असायचा. बैल जोमाचं, हिरीला पानी, पर नाडा तुटला की सगळं जाग्याव. माजा बा रोज सकाळी चाकावरच्या जागी नाड्यावनं हात फिरवून बघायचा. झिजतो तो तिथंच."

मी शिकत गेलो त्या सगळ्या वर्षांत कपलिंगबद्दल इतकं नेमकं मला कुणी सांगितलं नव्हतं. आमच्या माणदेशात पाणी वर आणणं हीच कायमची गरज. त्या मोटा गेल्या, इंजिनं आली. १९९३ साली आटपाडीत पाणी परिषद भरली, नागनाथअण्णा नायकवडींसारखी माणसं उभी राहिली, दुष्काळी तालुक्यांना हक्काचं पाणी मिळावं म्हणून लोक लढले. आज कराड तालुक्यातल्या टेंभूपासून कृष्णेचं पाणी टप्प्याटप्प्यानं उपसून आमच्या शिवारात येतं. त्या प्रत्येक टप्प्यावरही मोटर आणि पंप यांच्यामध्ये एक जोड फिरतोच आहे. नदी, मोटर, पंप सगळ्यांच्या डोळ्यासमोर असतात. जोड झाकणाखाली असतो, म्हणून कुणी त्याच्यावर हात फिरवत नाही.

निघताना नव्या कपलिंगवर खडूनं पुन्हा एक रेघ ओढली. आबांना म्हटलं, "दर रविवारी इंजिन बंद करून, गार्ड काढून बघा. रेघ सरळ असली तर मला बोलवू नका."

दिवाळीनंतर बाजारात भेटले. डाळिंबाची कळी चांगली निघाली होती, पण ते त्यांनी नंतर सांगितलं. आधी सांगितलं ते एवढंच:

"मिस्त्री, खडू पुसला व्हता, म्या दुसरी रेघ वडली. जाग्याव हाय."