वस्तऱ्याची मूठ

माणसाची पारख त्याच्या छंदावरून करावी असे म्हणतात. तसे झाल्यास माझी धडगत नाही. कुणी पोस्टाची तिकिटे जमवतो, कुणी गुलाबाची कलमे लावतो. आणि पन्नाशी उलटलेला, इंग्रजी वाङ्मय शिकवून पोट भरणारा मी, जुन्या बाजारातून गंजलेले वस्तरे आणून त्यांना नव्या मुठी बसवीत असतो. घरी आलेला पाहुणा टेबलावरील सात-आठ उघडी पाती पाहतो आणि आपली खुर्ची जराशी मागे सरकवतो. आमच्या घरातले मत याहून स्पष्ट आहे. ज्या गृहस्थाला आंबा धड कापता येत नाही, त्याने वस्तरा हाती धरू नये!

परंतु वस्तरा ही वस्तू दिसते तितकी साधी नाही. तिच्या पात्याची जाड पाठ आणि पातळ धार यांचे नाते मोठे विलक्षण आहे. सुरीला धार लावताना ती दगडाशी किती कलती धरावी हे हाताला ठरवावे लागते. वस्तऱ्याची मात्र पाठ आणि धार दोन्ही दगडावर टेकवायची आणि पाते सपाट ओढायचे. पाठीची जाडी आणि पात्याची रुंदी यांच्या प्रमाणातूनच 16-17 अंशांचा कोन आपोआप साधतो. वर्षानुवर्षे धार झिजत जाते तशी पाठही झिजते, म्हणून पाते अरुंद झाले तरी कोन फारसा बिघडत नाही. जुन्या संसारातली जोडपी अशीच एकमेकांच्या प्रमाणात झिजलेली मी पाहिली आहेत. पाठीवर पडलेला तो झिजेचा सपाट पट्टा म्हणजे त्या वस्तऱ्याचे चरित्रच. तो मी कधी घासून नाहीसा करीत नाही. काही हौशी मंडळी यंत्रावर धरून पाते आरशासारखे लख्ख करतात. यंत्राच्या उष्णतेने पोलादाचे पाणी एकदा उतरले, की त्या आरशात तोंड पाहण्यापलीकडे त्याचा उपयोग राहत नाही. मी आपला काचकागद पाण्यात भिजवून हातानेच घासतो. तांबडा गंज पोलाद खातो, तो काढायचा. काळसर डाग कुणाचे काही बिघडवीत नाहीत, ते राहू द्यायचे.

गंज निघाला की पात्याच्या बुडाशी कारखान्याचा ठसा उमटू लागतो. तो वाचण्याचा आनंद शिलालेख वाचणाऱ्याच्या आनंदाहून कमी नसतो. बहुधा गाव निघते इंग्लंडातले शेफील्ड किंवा जर्मनीतले झोलिंगेन. शेफील्डच्या पोलादाला कीर्ती मिळाली ती बेंजामिन हंट्समन या घड्याळजीमुळे. घड्याळाच्या कमानींना मनासारखे पोलाद मिळेना, म्हणून 1740 च्या सुमारास त्याने ते मुशीत वितळवण्याची रीत बसवली. काही पात्यांवर 'सिल्व्हर स्टील' अशी अक्षरे असतात. त्यांचे मूळ शोधू गेल्यास माणूस दक्षिण हिंदुस्थानात येऊन पोचतो! इकडे मुशीत होणाऱ्या पोलादाला इंग्रज 'वुट्झ' म्हणत. त्याच्या अभ्यासातूनच मायकेल फॅरडे आणि हत्यारे घडवणारा जेम्स स्टोडार्ट यांनी पोलादात निरनिराळे धातू मिसळण्याचे प्रयोग केले व ते 1820 साली प्रसिद्ध केले. पाचशे भाग पोलादात एक भाग चांदी, हे मिश्रण त्यांना विशेष पसंत पडले आणि कारखानदारांनी ते नाव उचलले. ठशात होती तितकी चांदी पात्यातही असेलच, अशी हमी मात्र मी देणार नाही.

मुठीचे काम याहून नाजूक. दोन पातळ पट्ट्या, शेवटी त्यांच्यामध्ये एक लहानशी पाचर, आणि हे सारे धरून ठेवणाऱ्या दोन-तीन पितळी खिळी, एवढाच तिचा पसारा. पण पाचरीचा उतार किंचित चुकला तरी मिटताना पाते एका बाजूला घासते. सेल्युलॉइडच्या जुन्या मुठी सुंदर दिसतात, पण कालांतराने त्या आतून विघटित होतात आणि त्यांतून निघणाऱ्या आम्ल वायूंनी पाते गंजते. जो सांभाळायचा तोच खातो. हस्तिदंताचा विचार कायद्याने आणि मनानेही सोडलेला बरा. मला आवडते ते म्हशीचे शिंग. शिंग, नख आणि दाढीचा केस ही सारी एकाच द्रव्याची, केराटिनची, रूपे आहेत. ज्याने केस कापायचे, त्याची मूठ केसाच्याच भावंडाची असावी, हा योग मला फार गमतीचा वाटतो.

गेल्या पावसाळ्यात माझ्या एका माजी विद्यार्थ्याने आपल्या वडिलांना माझ्याकडे आणले. बँकेतून निवृत्त झालेले, मितभाषी गृहस्थ. त्यांचे वडील गावचे न्हावी. सुगीला मिळेल त्या बलुत्यावर सहा माणसांचे घर चालवलेले. त्यांच्या धोकटीतला एकुलता एक वस्तरा फडक्यात बांधून आणला होता. पाते झिजून अर्ध्या इंचाहूनही अरुंद झालेले, शिंगाची मूठ कसरीने खाल्लेली, आणि तिच्याभोवती तांब्याची तार. "बहात्तरच्या दुष्काळात मूठ फुटली," ते म्हणाले, "तेव्हा नवी कुठून आणणार? ही तार बांधली."

वस्तरा लख्ख करून चौकटीत बसवावा आणि दिवाणखान्यात लावावा, अशी चिरंजीवांची इच्छा होती. वडील काही बोलले नाहीत. चिरंजीव फोन घ्यायला बाहेर गेल्यावर ते हळूच म्हणाले, "सर, तुमची ही हौस आहे. आमच्या वडिलांना दुसरा इलाज नव्हता. मी शाळा शिकावी म्हणून त्यांनी हा वस्तरा मला कधी हाती धरू दिला नाही. मला एकदा याने दाढी करायची आहे."

हौस आणि सक्ती यांतले हे अंतर माझ्या ध्यानी नव्हते असे नाही. याच हत्याराने या प्रांती विधवांची डोकी भादरली गेली आहेत. आणि 1890 साली नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईच्या न्हाव्यांनी सभा भरवून, यापुढे या कामाला हात लावणार नाही असा निर्धार केला, हेही मी वर्गात कितीदा सांगितले आहे. पण वर्गात सांगणे निराळे, आणि समोरच्या माणसाच्या तोंडून ऐकणे निराळे.

पेच असा होता की, पाते लख्ख करायचे तर पोलाद जाणार, धार लावायची तरीही पोलाद जाणार. आणि उरलेले पोलाद थोडेच. मी वडिलांची बाजू घेतली. डाग तसेच राहू दिले, फक्त धारेपुरते पाते दगडावर घातले, तेही मोजून. मूठ नवी करणे भाग होते. शिंगाची पट्टी गरम पाण्यात मऊ करून दोन फळ्यांत दाबली, कानशीने घासली, पाचर बसवली. खिळीचे डोके हलक्या हातोडीने शेकडो टिचक्या मारून वळवावे लागते. घाईचा एकच घाव बसला तर शिंग तडकते. मला तीन संध्याकाळी लागल्या.

ते न्यायला आले तेव्हा चामड्याच्या पट्ट्यावर शेवटचा हात मी त्यांनाच फिरवायला सांगितला. नवशिका पाते धारेवरून उलटवतो आणि पट्टा कापतो. त्यांनी ते पाठीवरून उलटवले, एकदाही न अडखळता. शिकवले कुणी, असे मी विचारले. "कुणी नाही. रोज पहाटे अंथरुणात हा आवाज ऐकायचो," ते म्हणाले, आणि थोडा वेळ नुसताच पट्ट्यावर वस्तरा फिरवीत राहिले.

दाढी मात्र त्यांनी तिथे केली नाही. वस्तरा मिटला, तो नव्या मुठीत अगदी मधोमध बसतो की नाही हे चष्मा वर करून पाहिले, तांब्याची तार कागदात गुंडाळून खिशात घातली, आणि दारात उभ्या असलेल्या मुलाला विचारले, "घरी गेल्यावर थोडे गरम पाणी मिळेल ना रे?"