अर्धा चमचा मीठ, पण किती पाण्यात?

जुलाबावर घरी करायच्या साखर-मीठ-पाण्याची कृती मी मराठी विकिपीडियावर लिहिली. दुसऱ्या दिवशी मजकूर गायब! लेखाचा 'इतिहास' उघडला, तर कारण दिलेलं: संदर्भ नाही. खरं सांगतो, राग आला. तीस वर्षं पेशंटना हेच सांगतोय, आणि मला संदर्भ मागता?

तुमचंही लिखाण असं काढलं गेलं, तर तेच पुन्हा पुन्हा चिकटवत बसू नका. लेखाच्या 'चर्चा' पानावर किंवा 'मदतकेंद्रा'त विचारा. शेवटी टिल्डची खूण चार वेळा टाइप केली, की तुमची सही आपोआप उमटते. मला तिथे शांतपणे उत्तर मिळालं: डिग्री नको, विश्वासार्ह संदर्भ द्या.

कपाटातलं पुस्तक काढलं. ताडून पाहताना घाम फुटला. चहाचे सहा सपाट चमचे साखर, अर्धा सपाट चमचा मीठ, हे बरोबर होतं. 'एक लिटर पाणी' लिहायचंच राहिलं होतं! एखाद्या आईने तेवढं मीठ पेलाभर पाण्यात घालून बाळाला पाजलं असतं, तर रक्तातलं सोडियम वाढून झटकेही आले असते.

आता लिटरसकट, संदर्भासकट लिहिलंय. ओआरएसचं पाकीट मिळत असेल, तर मात्र तेच वापरा.