पहिली छपाई

सॅन फ्रान्सिस्कोच्या साठच्या दशकातल्या रॉक पोस्टर्सबद्दल पहिली गोष्ट अशी, की ती वाचता येत नाहीत. म्हणजे येतात, पण त्यासाठी थांबावं लागतं. कोण, कुठे, कधी आणि तिकीट किती, हे जाताजाता कळावं म्हणून पोस्टर असतं असा आपला भाबडा समज. वेस विल्सन नावाच्या गृहस्थाने १९६६ साली तो मोडीत काढला. व्हिएन्नाच्या आल्फ्रेड रोलरची विसाव्या शतकाच्या सुरुवातीची अक्षरं त्याने पाहिली, ती आणखी फुगवली, वितळवली आणि ज्वाळेच्या नाहीतर बाईच्या केसांच्या आकारात ठासून भरली. ज्याला गरज असेल तो थांबून वाचेल, आणि जो थांबेल तोच कार्यक्रमाला येईल, असा एकूण हिशेब.

व्हिक्टर मोस्कोसोने रंगांचं तेच केलं. हा येल विद्यापीठात योझेफ आल्बर्स या रंगशास्त्राच्या गुरूकडे शिकलेला. सारख्याच तीव्रतेचे दोन विरोधी रंग कडेला कड लावून ठेवले की डोळ्यांना ती कड हलल्यासारखी दिसते. शहाणा चित्रकार हे टाळतो, मोस्कोसोने मुद्दाम केलं. त्याच्या एका पोस्टरचा फोटो मी फोनवर ग्रेस्केल करून पाहिला, तर अक्षरं जवळजवळ गायबच झाली! उजळपणा सारखा, फरक फक्त रंगाचा. इंजिनियरच्या जातीला चित्रकलेचा आनंद हा असा मिळतो, काय करणार.

स्टॅनली माऊस आणि आल्टन केली ही जोडगोळी वेगळीच. हे लोक सरळ वाचनालयात जाऊन जुनी पुस्तकं चाळायचे आणि आवडलेलं चित्र उचलायचे. ग्रेटफुल डेडचं ते प्रसिद्ध गुलाबांचा मुकुट घातलेल्या सांगाड्याचं पोस्टर (सप्टेंबर १९६६) मुळात एडमंड सलिव्हनने उमर खय्यामच्या रुबायांसाठी काढलेलं चित्र आहे. माधव जूलियनांमुळे आपल्याला खय्याम परका नाही, पण तो असा गिटारवाल्यांच्या घोळक्यात भेटेल असं वाटलं नव्हतं. जानेवारी १९६७ च्या 'ह्यूमन बी-इन'च्या पोस्टरवर तर चक्क आपल्याकडचा वाटावा असा जटाधारी साधू आहे, कपाळावर तिसरा डोळा वगैरे.

असो. मुद्दा संग्रहाचा आहे.

मुख्य मालिका दोन. एक बिल ग्रॅहमच्या फिलमोरची, १९६६ ते १९७१, पोस्टर्स २८० हून जास्त. दुसरी चेट हेल्म्सच्या 'फॅमिली डॉग'ची, बहुतेक अ‍ॅव्हलॉन बॉलरूममधल्या कार्यक्रमांसाठी, १४७ पोस्टर्स. दोन्हींना क्रमांक आहेत. क्रमांक दिसला की माणसाला संच पूर्ण करावासा वाटतो, लहानपणी क्रिकेटपटूंची कार्डं जमवलेल्यांना हे सांगायला नको.

गोची पुढे आहे. ही पोस्टर्स खांबावर लावली की तासाभरात लोक काढून घरी न्यायचे. मग आयोजकांच्या लक्षात आलं की अरे, हे तर विकलंही जाईल. म्हणून कार्यक्रम होऊन गेल्यावर पुन्हा छापलं. खपलं, की परत छापलं. त्यामुळे 'हे ओरिजिनल आहे का?' या प्रश्नाला हो किंवा नाही असं उत्तरच नसतं. कार्यक्रमाच्या आधी छापलेलं ते खरं मूळ. कार्यक्रमानंतर काही आठवड्यांनी किंवा वर्षभराने, बहुतेक वेळा त्याच प्लेट्स वापरून छापलेलं, ते पुनर्मुद्रण. तेही आता साठीच्या घरात आलेलं, अस्सलच म्हणायचं. आणि त्यानंतर स्कॅन करून कुणीही कुठेही छापलेलं, ती नक्कल. सॉफ्टवेअरवाल्यांनी याला व्हर्जन वन-पॉइंट-झिरो, वन-पॉइंट-वन आणि पायरेटेड सीडी समजावं. एरिक किंग नावाच्या संगाहकाने या दोन मालिकांमधल्या प्रत्येक पोस्टरच्या प्रत्येक छपाईचे फरक टिपून एक मार्गदर्शक पुस्तकच लिहिलं. रिलीज नोट्सच म्हणा ना. इतक्या चिकाटीने आमच्याकडे कोणी रिलीज नोट्स लिहीत नाही.

ओळखायचं कसं? पहिलं हत्यार म्हणजे सोनाराकडे असतं तसलं दहापट मोठं दाखवणारं भिंग. त्या काळात यातली बरीच पोस्टर्स ऑफसेटवर, पण प्रत्येक रंगाची वेगळी शाई घेऊन छापली. नारिंगी म्हणजे नारिंगीच शाई, सपाट. भिंगाखाली तो रंग सलग दिसतो आणि अक्षराची कड स्वच्छ असते. नक्कल करणारा छापील पोस्टर स्कॅन करतो आणि चार रंगांच्या ठिपक्यांतून तो नारिंगी 'बनवतो'. भिंग लावलं की किरमिजी आणि पिवळ्या ठिपक्यांची रांगोळी दिसते. मात्र ठिपके दिसले की लगेच 'नकली' म्हणून ओरडू नये. मुळात फोटो असेल तर फोटोत ठिपके असणारच. अक्षराच्या कडेला ठिपके असतील तर मात्र काळजी करावी. (आपल्याकडे रविवर्मा प्रेसच्या चित्रांना हेच भिंग लावून बघा. तिथे खऱ्या चित्रातही ठिपके असतात, पण ते शिळेवर माणसाने हाताने दिलेले, वेडेवाकडे. यंत्राचे ठिपके कवायतीला उभे राहिल्यासारखे.)

दुसरं हत्यार स्क्रू गेज. होय, तेच. पहिल्या वर्षाला 'याचा आयुष्यात काय उपयोग' म्हणून ज्याच्या नावाने खडे फोडले ते. कागदाची जाडी छपाईगणिक बदलते, आणि ०.०१ मिलिमीटर लीस्ट काउंट इथे खरोखर कामाला येतो. तिसरं, अतिनील दिवा. नव्या कागदात चकाकी आणणारी रसायनं असतात, तो निळसर पांढरा पेटतो. पण ही रसायनं साठच्या दशकातही काही कागदांत होतीच, म्हणून नुसत्या या चाचणीवर निकाल देणारा माणूस मला उतावळा वाटतो. आणि कागदाचा पिवळेपणा म्हणजे काहीच नाही, तो चहानेही येतो. चित्रकाराची सही? तीही नंतर कुठल्याही छपाईवर करून घेता येते. सही खरी आणि पोस्टर नंतरचं, असं खुशाल असू शकतं.

सगळ्यात बोलकं असतं ते खालच्या कडेचं बारीक मजकुराचं पान-सुपारीएवढं जग. छापखान्याचं नाव, पत्ता, कॉपीराइटची ओळ. फॅमिली डॉगच्या काही पुनर्मुद्रणांवर क्रमांकाच्या शेजारी कंसात छोटासा २ किंवा ३ असतो. बास, एवढंच. पण त्या एका आकड्याने किंमत धाडकन खाली येते.

हे सगळं मला शिकायला लागलं ते घरमालक आजोबांमुळे. मी ओकलंडला ज्यांच्या मागच्या खोलीत भाड्याने राहतो, त्यांच्या जिन्याजवळच्या भिंतीवर अ‍ॅव्हलॉनचं एक पोस्टर आहे. कुठलं, ते त्यांच्या सांगण्यावरून लिहीत नाही. आजोबा तेव्हा एकोणीस वर्षांचे होते. कार्यक्रमाच्या चार दिवस आधी हेट स्ट्रीटवरच्या खांबावरून आपण ते स्वतः काढलं, हे त्यांनी मला निदान दहा वेळा सांगितलंय. दरवेळी त्यात खांबाच्या शेजारचं दुकान असतं आणि मागून ओरडलेला माणूस असतो. गेल्या हिवाळ्यात घराचं छप्पर गळायला लागलं, दुरुस्तीचा आकडा ऐकून ते दोन दिवस बोलले नाहीत, आणि मग म्हणाले, "तू ते भिंग घेऊन ये. हे विकू या."

फ्रेम उघडली. रंग सलग, कडा स्वच्छ, कागद जुना. मला आनंद झाला. कोपरे मात्र फारच शहाण्यासारखे होते, टाचणीचं भोक नाही की चिकटपट्टीचा डाग नाही. मग खालची कड पाहिली. क्रमांक, आणि कंसात २.

मी न बोलता भिंग त्यांच्या हातात दिलं. त्यांनी बराच वेळ पाहिलं. कंसातला आकडा म्हणजे काय हे मी समजावलं : हे त्याच काळातलं, अस्सल, पण कार्यक्रमानंतर छापलेलं. म्हणजे कार्यक्रमाच्या आधी खांबावर हे असूच शकत नाही. गप्प बसून 'छान आहे' म्हणणं सोपं होतं, पण मग विक्रेत्याने हेच त्यांना काउंटरवर चारचौघांत सांगितलं असतं.

"मी तिथे होतो," ते म्हणाले. "तू नव्हतास."

याला काय उत्तर आहे? ते होतेच तिथे. माझ्याकडे फक्त एक कंस होता.

तिसऱ्या दिवशी सकाळी ते कचऱ्याचा डबा बाहेर ठेवताना भेटले आणि आपण होऊन बोलले. १९६९ साली लग्न करून दोघं एका घरात राहायला आली तेव्हा सगळ्याच वस्तू दोन-दोन झाल्या होत्या. दोन किटल्या, त्याच रेकॉर्ड्स दोनदोन. पोस्टरही बायकोकडे एक होतं, भिंतीवर लावायला विकत घेतलेलं. कुठलं ठेवायचं आणि कुठलं टाकायचं हे तिने ठरवलं. तिचं चांगल्या अवस्थेत असणार, खांबावरचं फाटकं असणार. "तिला फाटकं काही चालायचं नाही." तिला जाऊन आता सहा वर्षं झाली.

मी म्हटलं, दुसऱ्या छपाईलाही किंमत येते, पहिलीइतकी नाही, पण येते. एका विक्रेत्याने फोटो बघून आकडाही कळवला. आजोबांनी त्याला अजून हो म्हटलेलं नाही, नाहीही म्हटलेलं नाही. छपरावर सध्या निळी ताडपत्री आहे. पोस्टर भिंतीवरून उतरवून आम्लरहित कागदात घालून त्यांच्या पलंगाखाली सपाट ठेवलंय, कारण गळती नेमकी जिन्याजवळच्या त्याच भिंतीला आहे.