निवडलेले

गेल्या हिवाळ्यात एका प्रकाशकाने माझ्याकडे एक इंग्रजी पुस्तक अनुवादाला पाठवलं. ख्रिस्ती धर्मसिद्धांतांची ओळख करून देणारं, दीडशे पानांचं. आमचं घराणं मूळचं नगरचं, पणजोबांच्या काळापासून ख्रिस्ती. मी वीस वर्षं इथे दिल्लीच्या परिसरात राहून इंग्रजी, हिंदी आणि मराठीत ये-जा करते आहे. तेव्हा काम माझ्याकडे आलं यात नवल नव्हतं. सहा प्रकरणं भराभर झाली. सातव्यापाशी जी अडले ती दोन महिने.

त्या प्रकरणाचा विषय असा. माणसाचं तारण देवाच्या कृपेने होतं, हे सगळे ख्रिस्ती मानतात. पण ती कृपा कोणावर व्हायची, हे कसं ठरतं? माणूस हात पुढे करतो म्हणून ती मिळते, की हात पुढे करण्याची इच्छासुद्धा देवच ज्याला द्यायची त्याला देतो? पुस्तकाचा लेखक दुसऱ्या बाजूचा. जगाची उभारणी होण्याआधीच देवाने काही माणसं आपल्यासाठी निवडली. त्या निवडीला त्यांच्या कर्तृत्वाचा, पुण्याचा, पुढे दिसणाऱ्या श्रद्धेचाही आधार नव्हता. उरलेल्यांचं काय, यावर त्याने दीड पान लिहिलं होतं. शांत, स्वच्छ, कुठेही आवाज न चढवता. ते दीड पान मला मराठीत आणता येईना.

कारण ते मी आईच्या घरात बसून करत होते, आणि त्या घरात दादाचा फोटो आहे.

दादा २०२१च्या एप्रिलमध्ये गेला. ऑक्सिजनच्या शोधात आम्ही गाझियाबादहून नोएडा, नोएडाहून दिल्ली असे फिरलो. चौथ्या ठिकाणी खाट मिळाली तेव्हा पहाट होत होती. दुपारी तो गेला. त्याने तिशीतच चर्चमध्ये येणं बंद केलं होतं. भांडण नाही, वाद नाही. 'मला त्यातलं काही वाटत नाही, आई, आणि वाटतंय असं दाखवणं बरं नाही,' एवढंच म्हणाला होता. पण पुढची अठरा वर्षं दर रविवारी आईला गाडीने चर्चच्या फाटकापर्यंत त्यानेच नेलं. ती आत जायची, तो गाडीत पेपर वाचत बसायचा. परतताना विचारायचा, 'आज काय म्हणाले?' आणि आई वसुंधरा येईपर्यंत त्याला अख्खा उपदेश सांगायची.

तो गेल्यानंतर महिन्याभराने एका प्रार्थनागटातले गृहस्थ भेटायला आले. मनाने वाईट नव्हते. जाताना ते आईला म्हणाले, 'देव आपली माणसं आधीच निवडून ठेवतो. आपण प्रश्न विचारायचा नाही.' आईने त्यांना दारापर्यंत सोडलं, कप विसळले, आणि मला विचारलं, 'म्हणजे याची निवड झाली नव्हती, असं म्हणायचं होतं का त्यांना?' मी काही बोलले नाही.

तर ते सातवं प्रकरण. अनुवादक अडला की कोशात शिरतो, तशी मी शिरले. पौलाच्या पत्रांत जे ग्रीक क्रियापद येतं, प्रोओरिझो, त्याच्या पोटात 'हद्द आखणं' आहे. इंग्रजीतला क्षितिजाचा शब्द त्याच मुळाचा. म्हणजे आधीच आखून ठेवलेली हद्द. मराठीत त्याला काय म्हणावं? सोपा शब्द 'प्रारब्ध'. तो कोणत्याही मराठी वाचकाला लगेच कळेल, आणि साफ चुकीचा ठरेल. प्रारब्ध हे आपल्याच मागच्या कर्मांचं फळ. त्यात कुठेतरी हिशेब आहे. पौल रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या नवव्या अध्यायात नेमकं उलट सांगतो. याकोब आणि एसाव ही जुळी भावंडं जन्मलीही नव्हती, त्यांनी बरंवाईट काही केलंही नव्हतं, तेव्हाच एकाची निवड झाली. कर्माचा हिशेबच नाही. आपल्याकडच्या माणसाला इथे धक्का बसतो तो देव कठोर आहे म्हणून नव्हे. कठोरपणाची आपल्याला सवय आहे. धक्का बसतो तो वही कोरी आहे म्हणून.

'नियती' आंधळी, तिला चेहरा नाही. 'नेमणं' मात्र जवळ येतं. बाबा सरकारी नोकरीत होते, नेमणुकीच्या हुकुमाने आम्ही दिल्लीला आलो. पण मराठीत नेम हा माणसाचाही असतो. नेम धरतात, नेम करतात, नेमधर्म पाळतात. आणि ज्याचं पुढचं पाऊल सांगता येत नाही, त्याचा 'काही नेम नाही'. ठरवणारा वर बसलेला की खालचा, हे त्या एका शब्दातून कळत नाही. मी तो शब्द वहीत लिहून ठेवला.

या वादाला पंधराशे-सोळाशे वर्षं झाली. पाचव्या शतकात ऑगस्टीन आणि पेलेजियस. १५२४ साली इरॅस्मसने माणसाच्या स्वतंत्र इच्छेची बाजू मांडली, पुढच्या वर्षी लूथरने तिच्यावर ग्रंथ लिहून तिला गुलाम ठरवलं. कॅल्व्हिनने निवडीचा सिद्धांत काटेकोर मांडला. आर्मिनियसच्या अनुयायांनी त्याला हरकत घेतली, आणि १६१८-१९मध्ये डॉर्ट गावी भरलेल्या धर्मसभेने ती हरकत फेटाळली. कॅथलिकांत हेच भांडण जेझुइट आणि डॉमिनिकन यांच्यात चाललं. १६०७ साली पोपने निकाल न देता दोन्ही पक्षांना परस्परांवर ठपका ठेवण्याची मनाई केली. त्यानंतर नऊ वर्षांनी, १६१६ साली, गोव्यात राचोलला फादर स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाचं ख्रिस्तपुराण छापलं गेलं, मराठी ओव्यांत. युरोपात पंडित भांडत होते तेव्हा इथे एकजण ओवी बसवत होता. मला त्याचा हेवा वाटतो.

आमच्या बाजूचे, प्रोटेस्टंट मराठी लोक, मात्र या वादाच्या थेट वारसांकडून ख्रिस्ती झाले. मराठी नवा करार पहिल्यांदा १८११ साली सेरामपूरहून निघाला, विल्यम कॅरीच्या देखरेखीखाली. कॅरी निवडीचा सिद्धांत मानणारा बाप्टिस्ट. तरुणपणी त्याने धर्मप्रसाराची गोष्ट काढली, तेव्हा एका वडीलधाऱ्याने 'देवाला परधर्मीयांचं तारण करायचं असेल तर तो तुझ्या मदतीवाचून करील' असं सांगून त्याला खाली बसवलं, अशी आख्यायिका आहे. खरी असो-नसो, १७९२ साली त्याने जे पुस्तक लिहिलं त्याच्या नावातच 'साधनं वापरण्याचं कर्तव्य' आहे. देवाने ठरवलेलं असलं तरी माणसाने हात बांधून बसू नये, हे त्याचं म्हणणं. ज्याला सगळं आधीच ठरलं आहे असं वाटत होतं, तो माणूस मराठीचं व्याकरण लिहायला बसला, मराठीचा कोश करायला बसला. मुंबईत १८१३ साली आलेले अमेरिकन मिशनरी न्यू इंग्लंडच्या तशाच परंपरेतले. नगरचं आमचं चर्च त्यांचं.

आणि नगरचंच नाव निघालं की टिळक. नारायण वामन टिळक १८९३ साली नागपूरहून राजनांदगावला निघाले होते. डब्यात एक अनोळखी युरोपियन गृहस्थ भेटला. बोलणं झालं, त्याने नव्या कराराची प्रत हातात ठेवली आणि सांगितलं की दोन वर्षांच्या आत तुम्ही ख्रिस्ती व्हाल. १० फेब्रुवारी १८९५ रोजी टिळकांचा मुंबईत बाप्तिस्मा झाला.

ही गोष्ट आमच्या घरात लहानपणापासून सांगितली जाते. बाबा ती देवाच्या योजनेचा पुरावा म्हणून सांगत. दादा म्हणायचा, 'आणि टिळकांनी ते पुस्तक खिडकीतून बाहेर टाकलं असतं तर?' बाबा म्हणायचे, 'टाकलं नाही ना!' दादा म्हणायचा, 'तेच तर म्हणतोय मी.' दोघांनाही आपण जिंकलो असं वाटायचं.

आई त्या वादात नसायची. तिला टिळकांपेक्षा लक्ष्मीबाई जवळच्या. नवऱ्याने धर्म बदलला तेव्हा त्या माणसापासून दूर राहून, दुःख भोगून, जात देवाने केली की माणसाने हा प्रश्न एकेक पायरीने स्वतः सोडवत त्या १९०० साली बाप्तिस्म्यापर्यंत आल्या. 'स्मृतिचित्रे'त त्याची सारी हकीकत आहे. आई म्हणते, 'टिळकांना गाडीत एक गृहस्थ भेटला. लक्ष्मीबाईंना कुणी भेटलं नाही. चालत आल्या बाई.'

तौलनिक साहित्याच्या वर्गात आम्हाला दक्षिणेतल्या वैष्णवांचं एक भांडण शिकवलं होतं. भक्त हा माकडाच्या पिलासारखा की मांजराच्या? माकडाचं पिलू आईला स्वतः घट्ट धरून असतं. मांजर पिलाला तोंडात उचलून नेते, पिलाने काहीच करायचं नसतं. वडकलै आणि तेनकलै या दोन पंथांत हा फरक सांगतात. तेव्हा मी परीक्षेत लिहिलं होतं की डॉर्टच्या सभेचा हा जुळा भाऊ. मार्कही चांगले मिळाले होते. आता वाटतं, तो जुळा नाही, सावत्र आहे. मांजर आपली पिलं मोजून निम्मी सोडून जात नाही. त्या दृष्टांतात न उचललेलं पिलू नाहीच. माझ्या समोरच्या दीड पानात फक्त तेच होतं.

शेवटी मी एक लबाडी केली. त्या दीड पानाच्या अनुवादात दोन ठिकाणी 'कदाचित' घातलं. 'सोडून दिलेले' याच्या जागी 'अजून न बोलावलेले' लिहिलं. खोटं काही नव्हतं. फक्त दार किंचित उघडं ठेवलं होतं. अनुवादकाला असं करता येतं आणि ते कधीच कुणाच्या लक्षात येत नाही. माझ्या आले ते मी स्वतःला सांगितलं नाही, इतकंच.

आई निवृत्त शिक्षिका. माझं प्रत्येक हस्तलिखित आधी ती वाचते, पेन्सिल घेऊन. सातवं प्रकरण मी तिला देणार नव्हते. तिने मागून घेतलं, आणि इंग्रजी पुस्तकही. संध्याकाळी दोन्ही माझ्यासमोर ठेवून म्हणाली, 'हा "अजून" कुठून आला?'

मी म्हटलं, 'आई, ते मराठीत तसंच बरं दिसतं.'

'मराठीचं नाव कशाला पुढे करतेस? हे त्याने लिहिलेलं नाही, तू लिहिलंयस. माझ्यासाठी.'

मी गप्प बसले.

'त्याचं म्हणणं त्याला पूर्ण बोलू दे,' ती म्हणाली. 'मग मला त्याच्याशी भांडता तरी येईल. तू त्याचा निम्मा शब्द गिळलास तर मी भांडू कुणाशी?'

पंडिता रमाबाई उतारवयात हिब्रू-ग्रीकच्या आधारे सगळं बायबल मराठीत आणायला बसल्या, ते गावातल्या बाईला मधे कुणी न येता कळावं म्हणून. मी नेमकी मधे येऊन बसले होते, आणि त्यालाच माया म्हणत होते.

दुसऱ्या दिवशी आई जेवणाच्या टेबलावर तांदूळ निवडत होती. पाकिटातला तांदूळ आता निवडावा लागत नाही, पण तिची सवय जात नाही. मी समोर बसून 'निवडलेले' हा शब्द ठेवायचा की बदलायचा, हे बोलत होते. ग्रीक शब्दाचाही अर्थ वेचून घेणं असाच आहे, असं काहीतरी. ती ताटातून बोट फिरवत म्हणाली, 'तांदूळ निवडताना आपण हातात काय घेतो?'

'खडे.'

'आणि मेथी निवडताना?'

'पानं.'

'मग निवडलेले म्हणजे कोण, हे तुझ्या त्या लेखकाला विचार हो.' आणि एक खडा उचलून ताटाच्या कडेला ठेवला. हा युक्तिवाद नव्हता. कुठल्याही धर्मसभेत तो टिकला नसता. मी तो कुठे वापरलाही नाही. पण 'निवडलेले' हा शब्द मी तसाच ठेवला.

हस्तलिखित द्यायच्या आधी पुस्तकांसाठी कश्मीरी गेटला गेले होते. वाटेत सेंट जेम्स चर्चमध्ये जरा बसले. १८५२ साली दिल्ली कॉलेजचे गणिती मास्टर रामचंद्र आणि डॉक्टर चिमणलाल यांनी एकत्र बाप्तिस्मा घेतला. पाच वर्षांनी बंडात चिमणलाल मारले गेले, रामचंद्र वाचले. दोघांनी एकच निर्णय घेतला होता, आपण होऊन. पुढे जे झालं ते मात्र दोघांनी ठरवलेलं नव्हतं. मला वाटतं, ज्यांनी आपली माणसं अशी गमावली त्यांना 'आधीच ठरलेलं होतं' या वाक्यात आधार सापडतो, आणि काहींचं त्याच वाक्याने तोंड बंद होतं. वाक्य तेच. ते कोण कुणाला म्हणतं, यावर सगळं आहे. वाचलेल्याने स्वतःविषयी म्हटलं तर ती कृतज्ञता. दुसऱ्याच्या मेलेल्या मुलाविषयी म्हणायचा अधिकार कुणालाच नाही.

दोन्ही 'कदाचित' काढले. 'अजून' काढला. 'सोडून दिलेले' परत लिहिलं आणि प्रकाशकाकडे पाठवून दिलं. आईच्या प्रतीत त्या परिच्छेदाशेजारी पेन्सिलीने एक आडवी रेघ आहे आणि शाळेतल्या वह्यांवर काढायची तसं प्रश्नचिन्ह.

रविवारी आता तिला मी नेते. कधी आत जाते, कधी नाही. ती विचारत नाही. परवा मी गाडीतच बसले होते. उपासना संपली, ती सावकाश पायऱ्या उतरून आली, दार उघडून बसली, पट्टा लावला. मी गाडी सुरू केली आणि विचारलं, 'आज काय म्हणाले?'

वसुंधरा येईपर्यंत ती सांगत होती.