दुसरी किल्ली

चि. चिऊ,



परवा फोनवर म्हणालीस, "मावशी, एक बरं आहे, माझ्या ब्रँचमध्ये कुणाची भांडणं नाहीत." आणि मग ओघात सांगितलंस की लोनवाली आणि काउंटरवरची ऑफिसर एकमेकींना ईमेलच पाठवतात. टेबलं मात्र चार हातांवर! फोन ठेवल्यावर मला झोप येईना. तुझं ते पहिलं वाक्य मीही माझ्या पहिल्या मॅनेजरकीत आठ महिने मिरवलं होतं.

स्ट्राँग रूमच्या दोन किल्ल्या तुला ठाऊकच आहेत. आमच्याकडे एक कॅशियरबाईंकडे, दुसरी अकाउंटंटकडे. दोघं रोज सकाळी शेजारी उभं राहून दार उघडायची आणि एक अक्षर बोलायची नाहीत. निरोप शिपायाच्या तोंडी. "बाईंना सांग, तारीख राहिलीये." बाई तीन फुटांवर. मला वाटायचं, काय शिस्तीची माणसं आहेत!

राग आवाजात नव्हताच, तो नियमात शिरला होता. इतरांचं वाउचर चुकलं की अकाउंटंट हाक मारून दुरुस्त करून घ्यायचे. बाईंचं मात्र लाल शाईचा गोल काढून परत. एका संध्याकाळी कॅश साडेचार हजारांनी कमी भरली. रात्री साडेनऊपर्यंत आम्ही नोटा मोजतोय. शेवटी अकाउंटंटनी एक वाउचर माझ्यापुढे सरकवलं. पाच हजारांचं पेमेंट बाईंनी पाचशे लिहिलं होतं. अकाउंटंटना ते दुपारीच दिसलं होतं. "मला कुणी विचारलं नाही." त्यांच्या किल्लीशिवाय कुलूप लागणार नव्हतं, म्हणजे तेही तिथेच अडकले होते. तरीही!

दुसऱ्या दिवशी मी गाढवपणा केला. दोघांना केबिनमध्ये समोरासमोर बसवून विचारलं, काय प्रॉब्लेम आहे? "काही नाही, मॅडम," दोघं एका सुरात. वर मी समोसे मागवले. तेही दोघांनी आपापल्या टेबलावर नेऊन खाल्ले.

मग एकेकट्याशी बोलले. भांडण कशावरून, हे विचारलंच नाही. "पाचनंतर काय काय होतं, ते सांगा," एवढंच. बाईंच्या गावची शेवटची एसटी सव्वासहाची. अकाउंटंट सगळी वाउचरं तपासल्याशिवाय कॅशवर सही करत नसत, कारण आधीच्या शाखेत विश्वासानं सही केली आणि मेमो खाल्ला. बाईंना वाटे, हा माणूस मुद्दाम माझी गाडी चुकवतो. त्यांना वाटे, ही बाई मला पुन्हा गोत्यात आणणार.

तेव्हा आठवलं, ट्रेनिंगमध्ये मेरी पार्कर फॉलेट या अमेरिकन बाईंचं नाव ऐकलं होतं. 1925 साली न्यूयॉर्कच्या भाषणात त्यांनी स्वतःचाच एक किस्सा सांगितला. हार्वर्डच्या ग्रंथालयात छोट्याशा खोलीत एकाला खिडकी उघडी हवी होती, फॉलेटबाईंना बंद. त्यांनी शेजारच्या रिकाम्या खोलीतली खिडकी उघडली. त्याला फक्त हवा हवी होती, बाईंना अंगावर येणारा उत्तरेचा वारा नको होता. अर्धी खिडकी उघडली असती तर दोघंही कुरकुरत बसले असते. आपल्याकडे तडजोड म्हणजे बहुतेकदा अशीच अर्धी खिडकी.

आमची शेजारची खोली अगदीच साधी निघाली. संध्याकाळी एकदम गठ्ठा न देता दर तासाला वाउचरं अकाउंटंटकडे जायला लागली. साडेपाचला सही आणि सहाच्या आत दोन्ही किल्ल्या लागलेल्या.

दोघांची मैत्री वगैरे झाली नाही हो. डबे वेगळेच राहिले. पण एकदा पावसात वीज गेली आणि बाईंना घड्याळ दिसेना, तेव्हा शिपायाला हाक न मारता अकाउंटंट स्वतःच म्हणाले, "बाई, सहा वाजले. निघा."

तुझ्या दोघींच्या ईमेलांच्या वेळा बघ आधी, मजकूर नंतर. आणि समोसे नकोत. भाजणी पाठवली आहे, डबा परत आण.

तुझी
मावशी