मंदक्रोध

पवित्र शास्त्राच्या मराठी भाषांतरात देवाला लावलेले ‘मंदक्रोध’ हे विशेषण वाचकाला काहीसे पंडिती वाटते. मूळ हिब्रू प्रयोग मात्र विलक्षण देहनिष्ठ आहे. हिब्रूत ‘अफ’ म्हणजे नाक आणि ‘अफ’ म्हणजेच क्रोध. सहनशील देव तेथे शब्दशः ‘लांब नाकाचा’ असतो. ज्याच्या भाषेत शीघ्रकोपी माणसाचा राग नाकाच्या शेंड्यावर असतो, त्या वाचकाला ही प्रतिमा परकी वाटण्याचे कारण नाही. देवाला राग आहे. पण शेंड्यापर्यंत येण्यास त्याला फार मोठे अंतर तोडावे लागते. ख्रिस्ती श्रद्धेतील दैवी कोपाचा विचार बहुधा नरकाग्नीपासून सुरू केला जातो. तो या अंतरापासून सुरू केला, तर वेगळाच प्रश्न उभा राहतो : देवाच्या या विलंबाची किंमत कोण मोजतो?

‘निर्गम’च्या चौतिसाव्या अध्यायात देव स्वतःची जी ओळख करून देतो, तिला दोन अंगे आहेत. एकात दया, मंदक्रोध आणि सत्य. दुसऱ्यात अपराध्याला मोकळे न सोडण्याचा निर्धार. पुढे दोन संदेष्ट्यांनी ही ओळख जणू वाटून घेतली. नहूमाने दुसऱ्या अंगावर भर देऊन निनवे नगरीच्या विनाशाचे काव्य रचले. योनाच्या तोंडी पहिले अंग आले. पण ते स्तुती म्हणून नव्हे, तर तक्रार म्हणून. देव मंदक्रोध आहे हे ठाऊक होते म्हणूनच आपण पळालो, असे तो देवालाच सुनावतो. शिवाय त्याच्या गुणवर्णनातून ‘सत्य’ हा शब्द गळाला आहे आणि त्या जागी योजिलेल्या अरिष्टाविषयी देवाला वाटणारा अनुताप आला आहे. योना हा अमित्तयाचा पुत्र, आणि या पितृनामात ‘सत्य’ याच अर्थाचा हिब्रू शब्द दडलेला आहे. सत्याच्या पुत्राला देवापाशी सत्य उरलेले दिसत नाही, हा उपरोध निव्वळ योगायोगाचा मानणे कठीण आहे.

सावलीचा वेल सुकला म्हणून मरण मागणारा योना हास्यास्पद आहेच. परंतु त्याला केवळ हसून सोडणे हे उथळ वाचन होय. निनवे ही अश्शूरची नगरी. इ.स.पूर्व ७२२च्या सुमारास अश्शूरने शोमरोन जिंकून इस्राएलचे राज्य संपवले आणि तेथील लोकांना देशोधडीला लावले. योनाचा ग्रंथ त्यानंतर काही शतकांनी रचला गेला, असे बहुतेक अभ्यासक मानतात. म्हणजे त्याच्या पहिल्या वाचकांना निनवेची करणी ठाऊक होती. त्या वाचकांच्या दृष्टीने योनाचा राग हा पीडितांचा राग ठरतो. निनवेचा राजा गोणपाट नेसून राखेत बसतो, माणसे आणि जनावरे उपास करतात, चाळीस दिवसांची मुदत टळते. नगरीला क्षमा मिळते. तिने ज्यांना उद्ध्वस्त केले किंवा पुढे करणार होती, त्यांना मात्र कोणी विचारीत नाही.

पुराणकथांवर पोसलेल्या मराठी मनाला येथे दुर्वासाचे स्मरण व्हावे. शाप एकदा उच्चारला की मागे घेता येत नाही. फार तर उःशाप मिळतो. त्यामुळे शब्दही खरा राहतो आणि करुणेलाही वाट मिळते. योनाच्या कथेत उःशाप नाही. तेथे शब्दच पालटतो. त्याच्या घोषणेतील हिब्रू क्रियापदाला उलथून पडणे आणि आमूलाग्र बदलणे असे दोन्ही अर्थ आहेत. ऑगस्टीनने ‘देवनगरी’च्या एकविसाव्या खंडात नेमका हाच अर्थ लावला : तट उभे राहिले, पण दुराचारी निनवे कोसळली. निनवेप्रमाणेच अखेरचा दंडही माफ होईल, अशी आशा बाळगणाऱ्यांना त्याने दिलेले हे उत्तर होते. त्याने देवाच्या शब्दाची सत्यता राखली. पीडिताचा प्रश्न मात्र तसाच राहिला.

त्या प्रश्नाच्या अधिक जवळ लाक्तान्तियुस जातो. चौथ्या शतकाच्या आरंभी देवाच्या क्रोधावर स्वतंत्र ग्रंथ लिहून, ज्याला दुष्टांचा राग येत नाही त्याला सज्जनांचे प्रेमही नसते, असे त्याने प्रतिपादले. पौलाने त्याआधीच रोमकरांस लिहिताना सूड देवावर सोपवण्यास सांगितले होते. या दोन्ही विचारांचा मेळ घातला म्हणजे कोपाच्या कल्पनेचे मानवी प्रयोजन ध्यानात येते. दुबळ्याने आपला राग देवापाशी ठेव म्हणून ठेवावा आणि स्वतःचे हात रिकामे राखावेत, अशी ही व्यवस्था आहे. योनाचे दुःख हे की देवाने ती ठेव शत्रूला क्षमा करण्यात खर्चून टाकली.

योना आणि नहूम हे दोन्ही ग्रंथ प्रश्नाने संपतात. ज्यांना उजवे-डावे कळत नाही अशा १,२०,०००हून अधिक माणसांची आणि तेथील गुराढोरांची कीव करू नये काय, असे देव योनाला विचारतो. नहूमाचा प्रश्न अश्शूरच्या राजाला आहे : तुझ्या क्रौर्याची झळ कोणाला लागली नाही? ख्रिस्ती शास्त्रसंग्रहाने हे दोन्ही प्रश्न जपले. एकाने दुसऱ्याला खोडून काढू दिले नाही. इ.स.पूर्व ६१२मध्ये निनवे खरोखरच पडली. तेव्हा उजवे-डावे न कळणाऱ्यांचे काय झाले, हे नहूमाचे काव्य सांगत नाही.